कारच्या टायरवरची मागची सीट

वरवंडहून फोन आला तेव्हा मी शिरूरच्या घरी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. फोनवर नाव सोपानचं, आवाज मात्र वहिनींचा. "भावजी, हे गेले..." एवढंच त्या बोलल्या. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "गाडीवर होता का?" मग वहिनी म्हणाल्या, "न्हाई भावजी. दुकानात खुर्चीत बसले व्हते. च्याचा कप घ्यायला वाकले आन् तसंच..." हे लिहायची लाज वाटते, पण सोपानबद्दल खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला? माझं भाकीत चुकलं हे माझ्या डोक्यात आधी आलं, माझा मित्र गेला हे त्याच्या मागून आलं. तीन वर्षं मी भेटेल त्याला सांगत होतो की हा माणूस एक दिवस त्या कारच्या टायरपायी जीव घालवणार. तो गेला हृदय बंद पडून, चार पायांवर घट्ट टेकलेल्या खुर्चीत. या गोष्टीला आता दोन महिने होत आले.

सोपानचं वरवंडला हायवेलगत टायरचं दुकान. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. त्याच्या आजोबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, वडिलांनी एका जागी बसून शेती धरली, आणि याला शेतीही सोसेना आणि चालणंही, म्हणून यानं टायर धरले. मी मांडवगण फराट्याचा. रांजणगावच्या एका कारखान्यात लागलो, सुरुवातीला कारेगावात खोली करून राहिलो, मग शिरूरला घर बांधलं आणि क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून सोलापूरला निघालो असताना वरवंडजवळ मागचं चाक बसलं. गाडी ढकलत त्याच्या दुकानापर्यंत नेली, तेव्हा घामाघूम झालेल्या माझ्याकडं न बघता हा जाडजूड माणूस आधी माझ्या सामानाकडं बघत राहिला. "सोलापूरला चाललाय आन् संगं छत्री, स्टोव्ह, दोन ब्लँकेटं? घर बदलताय व्हय?" मी म्हटलं, पुढं हंपीलाही जायचा विचार आहे. त्यानं पंक्चर काढलं, चाक बसवलं, हात पुसले आणि विचारलं, "एकटंच?" मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी हंपीला आम्ही दोघं गेलो, दोन गाड्यांवर.

त्यानंतर दर थंडीत कुठंतरी. कच्छ, गोवा, कन्याकुमारी, एकदा तर राजस्थानात वाळूत फसून अर्धा दिवस. पुढं मी, मागं तो, हे ठरलेलं. तू पुढं हो म्हटलं की म्हणायचा, "राखणारा पुढं चालला तर मागं राहिलेलं लंगडं कोण बघायचं?" लंगडं म्हणजे अर्थात मी. कुठंही थांबलो की चहाच्या आधी तो दोन्ही गाड्यांच्या टायरना हाताची मागची बाजू लावून बघायचा, आई लेकराचा ताप बघते तशी. ढाब्यावर उभ्या असलेल्या परक्यांच्या गाड्यांचीही तो अशीच तपासणी करायचा आणि एखाद्या जेवत्या ड्रायव्हरला जाऊन सांगायचा, दादा, उजवीकडचा आतला टायर बदल. काही जण आभार मानायचे, काही जण आईबहीण काढायचे. त्याला दोन्ही सारखंच. रस्त्यात मेंढरांचा कळप दिसला की गाडी बाजूला लागलीच म्हणून समजा. भाषा कन्नड असो नाहीतर गुजराती, तासभर त्या लोकांशी हातवारे करून बोलत बसायचा आणि येऊन मला सांगायचा, "पाऊस कमी हाय म्हनत्यात." मी घड्याळ बघत चरफडत असे. आता वाटतं, माझं घड्याळ मला एवढं कुठं पोचवणार होतं?

मग माझी मान गेली. मणक्यांचं दुखणं. अर्धा तास हँडल धरलं की बोटांना मुंग्या यायच्या, ब्रेक दाबलाय की नाही तेच कळेना. डॉक्टर म्हणाले, लांबची गाडी बंद, मागं बसून, पाठीला टेकून जाता येत असेल तर जा हवं तर. मी गाडी विकून टाकली आणि सोपानला फोन करून सांगितलं की माझं फिरणं संपलं. तो "बरं" म्हणाला. त्या वर्षी मुलीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली होती, बायको त्याआधीच वारलेली. घरात मी आणि त्या कुंड्या.

दीडेक महिन्यानं त्यानं वरवंडला बोलावून घेतलं. त्याच्या मोठ्या टूरिंगच्या गाडीला मागं त्यानं कारचा टायर बसवला होता. तिचं मागचं चाक पंधरा इंची आणि चांगलं रुंद, त्यामुळं छोट्या कारचा टायर तिथं बसतो. बसतो म्हणजे बसवता येतो. साबणाचं पाणी लावून, हवा जास्त भरून, आवाज होईपर्यंत कडा रिमवर चढवावी लागते. परदेशात लांब पल्ल्याचे गाडीवाले असं करतात हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. मी जागच्या जागी भांडायला सुरुवात केली. मोटरसायकलचा टायर गोल असतो तो कुणाला हौस म्हणून नाही. गाडी वळताना झुकते, झुकली तरी तिच्याखाली रबर पाहिजे. कार झुकत नाही, म्हणून तिचा टायर चपटा. रिमची कडा वेगळी, टायरची कडा वेगळी. ज्यानं टायर बनवला त्यानं हे चाक मनातही आणलेलं नाही. सोपाननं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आरं इन्स्पेक्टर, सरळ रोडला बाईकचा टायर मधीच झिजतो आन् कडा कोऱ्या ऱ्हात्यात. चपटा झाल्याव त्यो तरी कुठं गोल ऱ्हातो? ह्यो दोन-तीन टायरांचं काम एकटा करतोय. आन् वजनाचं म्हनशील तर आपण दोघं, वर सामान, ह्याला कळायचं बी न्हाई." मग दुसरीकडं बघत म्हणाला, "दोघं एकाच गाडीव जाऊ. तू मागं बस."

खरं कारण त्यानं सांगितलं नाही, पण मला ते माहीत होतं. काही वर्षांपूर्वी वहिनींना मागं बसवून तो तुळजापूरला निघाला होता आणि वाटेत मागचा टायर फुटला. वहिनींचं कोपर सोलवटलं, बाकी काही झालं नाही. पण जन्मभर दुसऱ्यांचे टायर तपासणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या बायकोखालचा टायर फुटला, हे त्याला खाली पाहायला लावणारं होतं. तेव्हापासून मागं कुणाला घेऊन तो गावाच्या वेशीबाहेर गेला नव्हता. दुधानं पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, यानं भांडंच बदललं.

त्यानं मला चालवून बघायला लावली. वरवंड ते चौफुला, जाऊन-येऊन. सरळ रस्त्याला गाडी रेल्वेसारखी गेली, हे मान्य करतो. पण चौफुल्याला शिरूरकडं वळताना मी झुकलो आणि गाडी झुकेना. ती आपली उभं राहायला बघतेय आणि मी हँडलवर जोर देतोय, असं ते वळण संपेपर्यंत चाललं. परत येऊन चावी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "रिजेक्ट." कारखान्यात तीस वर्षं हा शब्द मी रोज वापरला. एकदा उच्चारला की मॅनेजर येऊ दे नाहीतर मालक, मागं घ्यायचा नाही, हा माझा लौकिक होता. "हात बसला की काय न्हाई," सोपान म्हणाला, "हँडल जरा दाबून धरायचं, बास." मी म्हटलं, "तो टायर बदलशील त्या दिवशी मागं बसतो." तो म्हणाला, "बाईकच्या टायरवर तुला मागं घेऊन मी जायचा न्हाई." दोघंही हसलो आणि चहा प्यालो.

तो हसण्यावारी नेलेला चहा तीन वर्षं पुरला. मी अधूनमधून चौफुल्यापर्यंत एसटीनं, पुढं मिळेल त्या गाडीनं वरवंडला जायचो. दुकानात शिरलो की तो विचारायचा, "बसतो?" आणि मी विचारायचो, "बदललास?" पहिल्या वर्षी यावर हशा व्हायचा. दुसऱ्या वर्षी नुसतंच स्मित. तिसऱ्या वर्षी कोणी विचारेना. माझी समजूत अशी की हा आपला त्या टायरवर एकटा हिंडतोय, मजा करतोय, आणि मला मुद्दाम सांगत नाही. थंडी पडली की मी शिरूरला बसून मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचो. आता हा कुठं असेल, कोणत्या घाटात त्याची गाडी वळत नसेल, आणि फोन आला तर आधी काय विचारायचं. त्याला फोन करून विचारणं सोपं होतं. पण ते कसं करायचं? विचारलं असतं तर मलाही जायचंय, हे त्याला कळलं असतं.

शेवटचा भेटला तो या उन्हाळ्यात, शिरूरला एका लग्नात. एसटीनं आला होता. मी चिमटा काढला, "का रे, गाडीनं दगा दिला वाटतं?" म्हणाला, "न्हाई, ऊन लई हाय." पंगतीत शेजारी बसून त्यानं माझ्या पानातली जिलेबी नेहमीप्रमाणं उचलली. जाताना म्हणाला, "टायर आजून धा वर्सं जातोय बघ." मला ती फुशारकी वाटली. मीही म्हटलं, बघू.

मागच्या आठवड्यात वहिनींचा पुन्हा फोन आला. गाडीला गिऱ्हाईक आलंय, पण त्यांना त्यातलं काही कळत नाही, तर मी एकदा येऊन गाडी तपासून द्यावी. मी गेलो. दुकान पुतण्या चालवतो, गाडी मागं पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. टायरची खोली मोजायचं माझं छोटं गेज बरोबर नेलं होतं. इंजिन, चेन, ब्रेक बघत शेवटी मागच्या चाकाशी उकिडवा बसलो आणि मला काही उलगडेना. टायरच्या खाचा भरपूर खोल. कडेचे रबराचे बारीक केस, नव्या टायरला असतात ते, अजून जागेवर. गेज लावलं, पुसून परत लावलं. मग उठून मीटर बघितलं. माझ्या त्या ट्रायलच्या दिवशीचा आकडा मला पाठ होता. त्यानंतर तीन वर्षांत गाडी पाचसहाशे किलोमीटर चालली होती.

वहिनी पाणी घेऊन आल्या होत्या. मी विचारलं, हा जात कुठं होता मग? "कुठं जात व्हते?" त्या म्हणाल्या. "म्हैन्यातनं एकदा हितल्या हितं पाटसपत्तूर जाऊन यायचे, बॅटरी उतरू नये म्हनून. मी म्हनायचे, जावा की एकटं. तर म्हनायचे, आमच्यात कुनाचं पाय दुखलं तर समदा वाडा थांबतो. दोन दिस व्हवूत का दोन म्हैनं. एकल्याला टाकून वाडा हलत न्हाई." वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, बायकापोरं असा त्यांच्या वडीलधाऱ्यांचा फिरता मुक्काम. मी म्हणालो, "मला सांगायचं तरी." वहिनींच्या बोलण्यात राग नव्हता, "तुम्ही इचारलं का भावजी?" आणि ग्लास घेऊन त्या आत गेल्या.

आधी त्याचाच राग आला. टायर बदलून एकटा जायचास, कोण अडवत होतं? मग स्वतःचा आला. टायरबद्दल माझं मत आजही तेच आहे. मोटरसायकलला कारचा टायर लावू नये. कुणी विचारलं तर हेच सांगेन, आणि गिऱ्हाइकाला गाडी देताना टायर बदलूनच द्या, असं वहिनींनाही सांगितलं. मी बरोबर होतो. पण बरोबर असण्याचं करायचं काय असतं? चौफुल्याचं एक वळण मला आवडलं नाही, म्हणून तीन हिवाळे दोन म्हातारे चाळीस-पन्नास किलोमीटरवर आपापल्या घरात बसून राहिले. मी हळू चालव म्हणू शकत होतो. घाट टाळू म्हणू शकत होतो. सोलापूर रोडला तर वळणंच नाहीत.

पुतण्याकडून पाइप मागून घेतला आणि टायरमध्ये हवा भरली. मागची सीट त्यानं रुंद करून घेतली होती, पाठीला टेकायला जाड गादी लावली होती. मी ती ट्रायलच्या दिवशी पाहिलीसुद्धा नव्हती. साइड स्टँड नीट टेकलाय ना बघून, भिंतीचा आधार घेत मी मागं चढलो. पाय ठेवायला जागा सापडेना, फूटरेस्ट घडी केलेले होते. उतरलो, दोन्ही बाजूंचे उघडले, परत चढलो. मान गादीला टेकली. समोरची सीट मोकळी होती आणि हात कुठं ठेवावेत ते मला कळत नव्हतं. थोड्या वेळानं ते मी समोर, तो बसला असता तिथं, ठेवले. मग बाजूला वाकून खाली मागच्या चाकाकडं बघितलं. माझ्या नव्वद किलो वजनानं टायर जरासुद्धा दबला नव्हता.