मोर छापाची कौलं

दादू मेस्त्रीला सावर्ड्याच्या भांडारात कोणी नेमलं नव्हतं, पगार नव्हता, तरी सकाळी नवाला हा माणूस तिथं हजर. चाळीस वर्षं त्यानं लोकांची छपरं शाकारली. पाच वर्षांमागं हर्ण्याला एका घराच्या आढ्यावरून तो खाली आला, पण शिडीनं नव्हे. उजवा गुडघा कायमचा गेला. डॉक्टरनं चढणं बंद केलं आणि दादूनं घरात बसून बायकोचं डोकं खाणं चालू केलं. शेवटी दमयंतीनंच त्याला भांडाराची वाट दाखवली. आता तीच म्हणायची, "फुकट राबायला जातांव म्हणा. कामाला जातांव कशाला म्हणता?"

हायवे रुंद झाला तेव्हा कडेची घरं पाडली. त्यातली दारं, वासे, चिरे, कौलं वाया जाऊ नयेत म्हणून एका संस्थेनं बंद पडलेल्या भातगिरणीत हे भांडार काढलं. गरजवंतानं यावं, स्वस्तात न्यावं. कल्पना चांगली, पण दादूचं रक्त आटवायला तेवढीच पुरेशी. कोणी तडा गेलेलं संडासाचं भांडं आणून टाकायचा, कोणी वाळवी लागलेली चौकट, वर पावती मागायचा. "ह्यांना दान नाय करायचं," दादू म्हणायचा, "ह्यांना आपलं खळं-अंगण साफ करायचंय."

कौलं मात्र त्याच्या जीवाची. येईल ते कौल पालथं करायचा, बोटाच्या पेरानं वाजवायचा. खणखणलं तर बरं, बद्द बोललं तर बाहेर. मग पाठीवरचा छाप बघायचा. मोर, कमळ, घोडा, प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. मोराची खाच मोरातच बसते. मोराशेजारी कमळ लावलं तर मधे बोटभर फट राहते. म्हणून दादूनं छापाछापानं थप्प्या लावल्या होत्या. त्यातली मोराची थप्पी यमुनाबाईची.

यमुनाबाई भोमवाडीची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा मुंबईत. वांदरांनी उड्या मारमारून तिचं छप्पर चाळणीसारखं केलं होतं. गेल्या शिमग्याला देवाची पालखी वाडीत आली, तिच्या दारात थांबली आणि आत न शिरता पुढं गेली. मानकऱ्यांनी वर बघितलं, एकमेकांकडं बघितलं आणि खळ्यातच ओटी भरून घेतली. दीर म्हणाला, पुढल्या वर्षी माझ्या पडवीत बसवू पालखी, तुझं-माझं काय वेगळं हाय? तेव्हा यमुनाबाई बोलली, "देव माज्या घरात बसंल, नायतर माज्यापुरता नको."

यंदाच्या शिमग्याआधी छप्पर झाकून द्यायचा दादूनं शब्द दिला होता. चार घरांतली मिळून साडेपाचशे मोर छापाची कौलं जमवायला त्याला सात आठवडे लागले. तिच्या घरावर वासे झाले, कौलं टेकायच्या रिपा मोराच्या मापानं ठोकून झाल्या. पालखी गुरुवारी सकाळी यायची होती. सोमवारी टेम्पो ठरला.

शनिवार-रविवारची सुट्टी संपवून सोमवारी दादू आला आणि गिरणीच्या दारातच थबकला. थप्प्या होत्या, पण त्याच्या नव्हत्या. एका अंगाला तांबडीलाल कौलं, मधे नारिंगी, पलीकडं काळपट. धुऊन पुसून, देखणी.

"काल मुंबईहून देणगीदार आले होते, मेस्त्रीकाका," विनीत म्हणाला. हा भांडाराचा व्यवस्थापक, पुण्याचा, स्वभावानं चांगला, आणि दादूच्या मते तीच पंचाईत. "शनिवारी कॉलेजची मुलं लावून सगळं रंगाप्रमाणे लावून घेतलं. फार आवडलं त्यांना."

दादूनं तांबड्या थप्पीतली दोन कौलं उचलली, जमिनीवर शेजारीशेजारी लावली आणि विनीतला म्हणाला, "हात घाल ह्यात."

विनीतनं बोट घातलं. ते आरपार गेलं.

"पण काका, सगळी मंगलोरीच ना?"

"तू नि मी दोगंव माणसंच. तुजी चप्पल मना व्हईल?"

तेवढ्यात टेम्पो आला. पुढं डायव्हरशेजारी यमुनाबाई, पदर खोचून बसलेली. तिनं उतरून थप्प्या बघितल्या, दादूचं तोंड बघितलं. "मेस्त्री, तुमचं भांडार हाय का साड्यांचं दुकान?"

मग दोन हजार कौलं पालथी घालायचं काम निघालं. यमुनाबाई फतकल मारून बसली. विनीतही बसला, न सांगता. दादू गुडघा पसरून ओंडक्यावर, छाप बघायचा, फेकल्यासारखं बोलायचा. "मोर. कमळ. घोडा. कमळ. आरं हळू ठेव, पापड नायत ते." दुपार टळली तेव्हा मोर भरले साडेतीनशे.

"दोनशे कुटं गेले?" दादूनं विचारलं.

विनीत हातातल्या धुळीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काल हेदवीचे एक होमस्टेवाले आले होते. त्यांना लालभडक हवी होती. ती मी दिली."

विनीतनं फोन लावून दादूला दिला. होमस्टेवाल्यानं खुशीत सांगितलं की कौलं फुलझाडांच्या वाफ्यांना कडेनं लावली, सिमेंटमधे पक्की, या एकदा बघायला. दादूनं फोन विनीतच्या हातात परत दिला. सात आठवडे त्यानं जे वाजवून वाजवून जमवलं, ते आता झेंडूला कुंपण झालं होतं. दमयंतीचं बोलणं त्याला त्या घटकेला शंभर टक्के पटलं.

"आता?" यमुनाबाईनं विचारलं. एवढंच.

दादूनं कमळाची थप्पी नजरेनं मोजली. मग बोलला, "म्होरल्या अंगाला मोर. मागल्या अंगाला कमळ. आढ्यावर टोपीची कौलं बसली की दोगांची गाठ पडायची नाय. पन कमळ आखूड. मागल्या सगळ्या रिपा उपटून पुना ठोकाय पायजेत. दोन दिवसांत."

"मी ठोकतो," विनीत म्हणाला.

"तुला हातोडा धराय येतो?"

"नाही."

"मंग शिकंतवर शुक्रवार येल."

पण तोच चढला. भोमवाडीचा रामा सुतार वर रिपा ठोकत होता, विनीत खिळे पुरवत होता, आणि दादू खाली खळ्यात उभा राहून गळा फाडत होता. "डावीकडं उतरली. डावीकडं. आरं तुजं डावं न्हवं, घराचं डावं." मंगळवार गेला. बुधवारी पुढची बाजू मोरांनी झाकली, मागं निम्म्यावर कमळं चढली. अंधार पडला तशी यमुनाबाईनं सगळ्यांना हाकललं.

गुरुवारी रामा आलाच नाही. त्याच्या घरी पालखी आधी होती. दादूनं आठ वाजेपर्यंत वाट बघितली, शिडीकडं बघितलं आणि डॉक्टरला मनातल्या मनात दोन शिव्या घालून चढला. विनीत खालून कौल द्यायचा, दादू एक पाय वाकवून, एक काठीसारखा ताठ ठेवून बसवायचा. वरच्या चार ओळी राहिल्या होत्या तेव्हा ढोल वाजला. पालखी वळणावर दिसली.

"मेस्त्री, उतरा," पुढून मानकरी ओरडला. "देव आत नि तुमी देवाच्या डोक्यावर?"

"चार वळी ऱ्हायल्यात."

"ऱ्हाऊ देत. उतरा आदी."

दादू उतरला. इतका चिडलेला माणूस त्या खळ्यात दुसरा नव्हता. मानकऱ्यांनी उंबऱ्यात थांबून वर बघितलं. मागच्या बाजूला आढ्याखाली आभाळाची लांब पट्टी दिसत होती. दीर पुढं सरकला, तोंड उघडलं.

यमुनाबाई ओटीचं तबक घेऊन दारातच उभी होती. "काय बघताव? छप्पर हाय. जरा ऊन येतंय. देवाला काय उनाचं वावडं हाय?"

मानकरी हसला. पालखी वाकली आणि आत शिरली.

यमुनाबाईनं ओटी भरली, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. बायका म्हणाल्या, देवावर ऊन कसं छान पडलंय. दादू पडवीच्या खांबाला टेकून ते ऐकत होता आणि त्याला त्यात छान असं काही दिसत नव्हतं. त्याला चार ओळी दिसत होत्या, म्हणजे ऐंशी कौलं, आणि त्यातलं एक बद्द वाजलेलं, जे विनीतनं चांगल्यांत ठेवलं होतं.

पालखी उठली. ढोल दिराच्या खळ्यात पोचला असेल-नसेल, दादूचा पाय शिडीवर होता.

"जेवून तरी चढा, मेस्त्री," यमुनाबाई म्हणाली. "पुरनपोळी हाय."

"ठेव झाकून," दादू म्हणाला, आणि खाली न बघता विनीतपुढं हात केला. "कौल दे. वाजवून दे."