मुरू दे जरा

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. मी आणि माझी थोरली बहीण अक्का, आम्ही घरीच जुन्या पद्धतीने, प्लॅटिनम-पॅलेडियम या धातूंचं रसायन कागदाला लावून फोटो छापायचो. अक्का ब्रशने ते रसायन लावायची, मी तो ड्रायरने वाळवायचो. पण चित्र उमटवणारं द्रावण ओतलं की काळा रंग ओघळायचा. आईच्या फोटोत तर तो केसांतून गालांवर उतरला.

"तुझा हातच जड आहे," मी अक्काला म्हणालो.

"अरे, वाळवायची घाई तुलाच. मुरू दे की जरा."

"लोणचं आहे का हे?"

तिने ब्रश धुऊन ठेवला, तो कायमचाच.

पुढे एकदा वीज गेली. ड्रायर बंद, त्यामुळे मीच रसायन लावलेला कागद तसाच मुरत पडून राहिला, आणि तो फोटो जराही ओघळला नाही. आत न उतरता वरवर वाळलेलं पहिल्या पाण्यालाच सुटतं. त्या भांडणानंतरची आम्हा भावाबहिणीची गोडीही तशीच वरवर वाळलेली होती.

अक्का होती तोवर एकदाच धीर केला. माफी मागायला फोन लावला आणि विचारलं, "यंदाचं लोणचं मुरलं का गं?"

"मुरतंय अजून," ती हसली. "तू काही सांगणार होतास का?"

"छे, काही नाही," मी म्हणालो.