जहाज नसलेला नांगर

चिंचेनं पितळ घासलं की हाताला आंबट वास लागतो, आणि मला वाळवंटातला तो तंबू आठवतो. फौजेत असताना फ्रेंच पलटणीबरोबर आमचा सराव होता. त्यांच्या हवालदाराच्या टोपीवरचा पितळी नांगर मी घरच्या चिंचेनं लखलखीत करून दिला.

"जमिनीवर लढता, मंग जहाजाचा नांगर कावून?" आमच्याच पलटणीतल्या, युसूफ वडगाव या गावच्या दत्तूनं विचारलं.

दुभाष्यानं उत्तर सांगितलं, "यांची पलटण आधी जहाजांवर होती. जहाजं गेली, नांगर ठेवला."

आम्ही लई हसलो. जाताना हवालदारानं तो नांगर मलाच दिला.

आता दत्तू नाही. पोरं-सुना ऊसतोडीला गेल्यात, माझं घर सोडलं तर धारूरच्या डोंगराखालची आमची सगळी वस्ती कुलूपबंद आहे. "वस्ती रिकामी, मंग तू इथं कावून?" असं दत्तूसारखं कुणी आज विचारलं, तर मी हसणार नाही. पण विचारायला कुणी नाही.