मागची खुर्ची रिकामी राहणार नाही

रेवती देवपुजारी तीसेक वर्षं आयटीआयमध्ये पोरांना पत्राकाम शिकवत होत्या. विमान चालवायचा परवाना त्यांनी पन्नाशीत काढला. निवृत्तीनंतर बाग सेवनिया या वस्तीतल्या घराच्या गॅरेजमध्ये परदेशी नकाशांवरून त्या दोन खुर्च्यांचं विमान बांधायला लागल्या. एक खुर्ची पुढे, एक मागे. पाच वर्षांनी ते तयार झालं आणि पहिल्याच उडीत अंगाशी आलं.

शहराबाहेरच्या धावपट्टीवर चाकं सुटली तसं नाक आपोआप वर जाऊ लागलं. त्यांनी नियंत्रणाचा दांडा पुढे ढकलला तर ते भसकन खाली; ओढला तर पुन्हा वर, आधीपेक्षा जास्त. तिसऱ्या हेलकाव्याला विमान आपटलं. पुढचं चाक वाकलं, रेवतीताईंच्या हनुवटीला चार टाके पडले.

फ्लाइंग क्लबातले अंबरीश खेर हवाई दलातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "इंजिन हलकं बसवलंय तुम्ही, म्हणून भार मागे गेलाय. नाकात पंधरा किलो शिसं भरा, मॅटर खतम."

इंजिनाचं खरं होतं. नकाशातलं जड इंजिन मिळालंच नव्हतं.

"आणि मागे माणूस बसला की?" रेवतीताईंनी विचारलं. "भार परत मागे जाईल."

"मग नका ना बसवू कोणाला. एकट्याच उडवा."

"मी दोघांचं विमान बांधलंय, खेरसाहेब. नाक सावरायला शेपटी लहान पडतेय. ती मोठी करणार."

नकाशे बनवणाऱ्याने कळवलं, शेपटीला हात लावलात तर जबाबदारी तुमची. तपासणी अधिकारी म्हणाले, सगळी कागदपत्रं पुन्हा करावी लागतील. दोघांनाही रेवतीताईंनी एकच उत्तर पाठवलं: मंजूर आहे.

"आता हट्ट पुरे," नवरा विलास म्हणाला.

"हट्टी असते तर आहे तसंच उडवलं असतं."

आडवी शेपटी त्यांनी दोन्हीकडून वीत वीत वाढवली. तिचं वजन वाढलं म्हणून बॅटरी इंजिनापाशी नेली. शेपटीवर वाळूच्या पिशव्या रचून ती कुठे वाकते का, ते आठवडाभर पाहिलं. यात चौदा महिने गेले.

मग एका सकाळी, तीन हजार फुटांवर, त्यांनी नाक मुद्दाम थोडं उचललं आणि दांडा सोडून दिला. हात मांडीवर ठेवले. नाक खाली गेलं, वर आलं, पुन्हा थोडं खाली, त्याहूनही कमी वर. आणि आपलं आपण सरळ झालं. त्या मोठ्याने हसल्या. ऐकायला कोणी नव्हतं.

खाली उतरल्यावर खेर म्हणाले, "शिसं भरलं असतं तर गेल्याच वर्षी उडाला असतात."

"उडाले असते. अर्ध्या विमानातून."

त्यांनी मागच्या खुर्चीला दहा किलोची पिशवी बांधली आणि पुन्हा वर गेल्या. प्रत्येक उड्डाणाला एक पिशवी वाढत गेली. ऐंशी किलो झाल्यावर त्यांनी सगळ्या पिशव्या सोडवल्या आणि विलासला पट्टा बांधायला सांगितला.