अठरा अंशांतली मर्लो

एप्रिलमध्ये खानदेशात जाऊ नका, असं मी या ब्लॉगवर दरवर्षी लिहिते. यंदा स्वतःच गेले. फैजपूरजवळच्या नानांनी, पिढीजात केळीवाल्यांनी, हौसेनं दोन एकर वाइनची द्राक्षं लावली होती. नाशिककडच्या एका वायनरीत त्यांची लाल वाइन झाली, सत्तर टक्के मर्लो जातीच्या द्राक्षांची आणि बाकी सिराह जातीच्या. ती चाखून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं. अहवाल बरा आला तर ती नानांच्या शिवाराच्या नावानं बाटलीत जाणार, नाहीतर वेली उपटून पुन्हा केळी. चाखणं त्यांच्या घरी व्हावं, एवढीच नानांची अट होती.

सकाळी सहाला नाशिक सोडलं. धुळ्यापर्यंत रस्ता झकास आहे. तिथे शेवभाजीचा वास सुटला होता, पण जीभ पोळून वाइन कशी चाखणार? दहीपोळीवर भागवलं. जळगाव, नशिराबाद, भुसावळ करत फैजपूरकडे वळलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या ठेवा.

वाइन अठरा अंशांत ठेवा, असं मी फोनवर बजावलं होतं. बाहेर बेचाळीस. नानांनी सरळ केळी पिकवायच्या थंड खोलीत टेबल मांडलं होतं. क्रेट आदल्या दिवशीच हलवून फरशी धुतली होती. उन्हातून आत शिरल्यावर मला इतकं बरं वाटलं की बाकी कशाकडे लक्षच गेलं नाही.

रंग गडद, सुंदर. वास मात्र पिकल्या केळ्याचा. मर्लोत आलुबुखार हवा, केळं म्हणजे आंबवताना काहीतरी चुकलं. 'वासात दोष' असं लिहिलं आणि नानांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, पावसाळ्यात केयीच लावू. केळीला इकडे केयी म्हणतात.

तेवढ्यात नानांच्या पत्नी, अक्का, पाणी घेऊन आल्या. त्यांनी माझ्या ओढणीचा पदर उचलून हुंगला.

"ताई, वास वाइनले नाही, या खोलीले हाये. तुमच्या ओढणीलेबी लागला."

पेले घेऊन आम्ही निंबाखाली गेलो. केळं गायब. आलुबुखार, जराशी मिरी, शेवटी तुरटपणा, तो वर्षभरात मऊ होईल. आंबटपणा किंचित कमी, ऊनच तसं आहे इथलं. मी ओळ खोडली. पंधरा वर्षं या नाकावर पोट भरतेय, त्यामुळे लाज वाटली.

"मंग वेली राहू देऊ?" नानांनी विचारलं.

राहू द्या, म्हटलं. मग भरीत-पुरी जेवलो. त्याबरोबर वाइन घेऊ नका, भरताचं तिखट तिला टिकू देत नाही.

घरी येऊन अहवाल पाठवला. अहवालात 'चाखण्याची जागा' असा एक रकाना असतो. तो मी कधी भरत नसे, आता आधी तोच भरते. दिवाळीच्या तोंडावर नानांची बाटली आली, शिवाराचं नाव छापलेली. मागे लेबलावर 'अठरा अंशांत ठेवावी' अशी सूचना होती. तिच्याखाली पेनानं लिहिलं होतं, 'केयीच्या खोलीत नको.'