पांढरी दोनचा मायनर

समजा, तुमच्यापुढे पेटी आहे. सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, म्हणजे पेटीवाल्यांची पांढरी एक, सा धरा, भाता हलवा आणि सा, ग, प या तीन पट्ट्या एकदम दाबा. कुणीतरी हसत घरात आल्यासारखं वाटेल. आता सा आणि प तसेच ठेवा, फक्त मधलं बोट शेजारच्या काळ्या पट्टीवर, म्हणजे कोमल गंधारावर सरकवा. माणूस तोच, पण चेहरा उतरलेला. पियानोवाले पहिल्या तीन सुरांच्या मेळाला मेजर कॉर्ड म्हणतात, दुसऱ्याला मायनर. संपलं की काम! शकुनकाकूंनाही तसंच वाटलं होतं.

शकुनकाकू गद्रे कलकत्त्यात गार्डन रीचला आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचे यजमान दिनकरराव रेल्वेच्या कचेरीत होते. नागपूरहून बदली झाली तेव्हा अर्धी भांडी तिकडेच राहिली, पण पेटी काकूंनी गाडीत मांडीवर घेऊन आणली.

रेल्वेच्या क्लबात एक जुना पियानो होता. त्यावर मिसेस रोझारिओ मुलांकडून समूहगीतं बसवून घ्यायच्या. एक्कावन्न साली त्यांचं मुलाकडे ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं. काकू दर शनिवारी भाजीची पिशवी घेऊन दाराशी ऐकत उभ्या राहायच्या, हे त्यांनी हेरलं होतं. एक दिवस त्यांनी काकूंना हाताला धरून पियानोच्या स्टुलावर बसवलं आणि शिकवायला घेतलं.

क्लबचे सेक्रेटरी शरच्चंद्रबाबू यांचा डोळा पियानोच्या खोलीवर होता. त्यांना तिथे टेबल-टेनिस आणायचं होतं. शेवटी ठरलं ते असं: वार्षिक समारंभात काकूंनी मुलांच्या होडीच्या गाण्याला साथ केली, तर पियानो आणि मुलं दोन्ही त्यांच्याकडे. नाहीतर पियानो लिलावात.

काकू कामाला लागल्या. "मायनर म्हणजे मधला सूर अर्धी पायरी खाली," मिसेस रोझारिओंनी सांगितलं होतं. काकूंनी ते मनाशी पक्कं केलं. पण गाण्याच्या मध्यावर पांढरी दोनचा मायनर होता. काकूंनी हिशेब केला: पांढरी दोन, पांढरी चार, पांढरी सहा, सगळे शुद्ध सूर, म्हणजे हा मेजर. मायनर हवा, तर मधली चार खाली आणून तीन करायची.

तालमीला मिसेस रोझारिओ बोटीच्या तिकिटासाठी गेल्या होत्या. काकूंनी दोन, तीन, सहा दाबलं आणि होडी पाण्यात अडकली. ना हसणं, ना रडणं. दार नुसतंच उघडं राहिल्यासारखा आवाज. मुलं गायची थांबून एकमेकांकडे बघू लागली.

"बौदी," शरच्चंद्रबाबू दारातून बंगालीत वहिनी अशी हाक मारत म्हणाले, "आमच्या चेंडूला मेजर-मायनर नसतं हं. नुसतं टिक-टॉक!"

"तुमचा चेंडू गातो का, ते आधी सांगा," काकू म्हणाल्या. पण घरी आल्या त्या चेहरा पाडूनच.

दिनकरराव तक्क्याला टेकून वाटच बघत होते. त्यांना संध्याकाळी गायला लागे, आणि साथीला काकू.

"आज नको हो. माझं डोकं ठिकाणावर नाही."

"डोकं कुणाला हवंय? हात आण. भीमपलास घेतो."

दिनकररावांचा सा पांढरी दोन. लग्नापासून काकू त्यांना तिथूनच साथ करत आलेल्या. भीमपलासात गंधार कोमल. दिनकरराव त्या सुरावर जाऊन थांबले, काकूंचं बोटही सवयीने त्यांच्यामागोमाग गेलं. ते होतं पांढरी चारवर.

भाता थांबला. "अहो, थांबा!"

"काय झालं? बेसूर झालो का?"

"नाही हो, उलट! तुमचा कोमल गंधार पांढरी चारच आहे!"

"गेली पंधरा वर्षं तोच आहे."

"तो आधीच कोमल आहे, आणि मी मेली त्याला आणखी खाली ढकलत होते!"

मला काकूंनी जिन्यातूनच हाक मारली. "तू जहाजांचे नकाशे काढतोस ना? मग पट्ट्या मोज. काळ्यासुद्धा." मी मोजलं. पांढरी एकपासून मधल्या सुरापर्यंत चार अर्ध्या पायऱ्या, पुढे तीन. पांढरी दोनपासून आधी तीन, मग चार, म्हणजे ती मुळातच मायनर. पट्टी पांढरी की काळी याला महत्त्वच नाही. ज्या पट्टीवरून कॉर्ड सुरू होते, तीच तेवढ्यापुरती सा. तिच्यापासून मोजायचं. प्रत्येक गवयाला त्याचा सा देणाऱ्या काकूंना मात्र हे कॉर्डच्या बाबतीत सुचलं नव्हतं, कारण पियानो गात नाही.

समारंभात होडी सुरळीत पार गेली. शरच्चंद्रबाबूंनी टेबल व्हरांड्यात मांडलं. पियानो तिथेच राहिला, मुलंही राहिली.

निरोप द्यायला काकू खिदिरपूरच्या गोदीवर गेल्या. मिसेस रोझारिओ डोळे पुसत होत्या. काकूंनी त्यांचा हात धरला खरा, पण विचारल्यावाचून राहवेना.

"मॅडम, मायनर उदास म्हणता. मग होडीच्या गाण्यात तो आला की पोरं खुशीत डुलतात कशी? आमच्या अडाण्यातही कोमल गंधार आहे, आणि तो तर छाती काढून चालतो."

"मिसेस गद्रे, मी सामान मोजू की हे सांगू?" त्या रडता रडता हसल्या आणि शिडी चढून गेल्या.

तेव्हापासून काकू भेटेल त्याला विचारतात. मीही सुटलेलो नाही. परवा पुन्हा जिन्यात अडवलं: "तू शिकलेला ना? मग सांग. मधलं एक बोट एवढंसं सरकलं, तर माणसाला वाईट का वाटावं? आणि कधी वाटतं, कधी वाटत नाही, ते कशावर?"