न धुतलेला माठ

यशवंतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी मंगरूळपीरच्या आमच्या तहसील कार्यालयामागे पर्जन्यमापकातलं पाणी मोजपात्रात ओतत होतो. फोनवर त्याची मुलगी प्रज्ञा होती. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी पात्र खाली ठेवलं आणि ते कलंडलं. एकोणीस वर्षांच्या माझ्या नोंदवहीत त्या एकाच तारखेपुढचा रकाना कोरा आहे. साहेब म्हणाले, अंदाजे लिहा. मी लिहिलं नाही.

यशवंतभाऊ इंझोरीचा. मराठवाड्यातल्या एका बियरच्या कारखान्यात त्यानं सव्वीस वर्षं धान्याला मोड आणण्याच्या विभागात काढली आणि निवृत्त होऊन गावी परतला. आल्या आल्या त्यानं गोठ्याशेजारच्या खोलीत एक माठ मांडला. ज्वारीला मोड आणायचे, ती वाळवून भरडायची, शिजवून गाळायची आणि कोमट झाली की माठात ओतायची. दोन दिवसांत ती आंबायची. मग गायरानातून आणलेलं रोशा नावाचं सुगंधी गवत आणि रानतुळस फडक्यात बांधून त्यात सोडायची. तो याला बियर म्हणायचा. मी निर्व्यसनी माणूस; पहिल्याच दिवशी विचारलं, "टक्के किती?" तो हसला. "अर्धा टक्काबी नाही. तुह्यासारख्या भेकड माणसासाठीच बनवली." मी विश्वास ठेवला नाही. त्यानं घनता मोजायचा काचेचा मापक काढून माझ्या हातात दिला आणि आंबवायच्या आधी नि नंतर, दोन्ही वेळा मलाच वाचायला लावलं. त्याचं म्हणणं खरं निघालं. त्या दिवसापासून आमची मैत्री जमली असं मी धरतो.

त्या पेयाला आधी रोशाचा वास यायचा, मग स्वच्छ आंबटपणा. आणि गिळून झाल्यावर जिभेच्या कडेला काहीतरी उरायचं. "कवठ," तो सांगायचा, "कवठ टाकलं नाही, तरी कवठ राह्यते. कारखान्यात सव्वीस वर्षांत मले हे भेटलं नाही. इथं माठानं दिलं." गावातली चार म्हातारी माणसं, एक निवृत्त गुरुजी आणि मी, एवढेच त्याचे गिऱ्हाईक. पैसे कुणाकडून घेतले नाहीत.

मागच्या वर्षी तो प्रज्ञाकडे आठ दिवसांसाठी पुण्याला गेला. जाताना मला म्हणाला, "माठाकडे लक्ष ठेवजो." मी लक्ष ठेवलं... आतून चिकट थर दिसला, वास आंबूस. मी धुण्याचा सोडा टाकून उकळत्या पाण्यानं माठ तीनदा घासला आणि दोन दिवस उन्हात पालथा घातला. इतका स्वच्छ माठ त्या खोलीत कधी नव्हता, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही लिहायला हवं.

तो परत आला, माठात डोकं घालून वास घेतला आणि खाटेवर बसला. मग म्हणाला, "काहून रे बापू, एवढा घासला? आंबवणारं सारं बिऱ्हाड त्या मातीच्या छिद्रात राहत होतं. एकबी ठेवला नाही तू."

पुढे त्यानं विचारलं, "पाणी किती लागलं, लिहिलं का?"

मी खरंच लिहिलं होतं. सांगितलं, "बेचाळीस लिटर." त्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवशी त्यानं मला जे बोलायला हवं होतं ते तो कधीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ज्वारी भिजत घातली. मोडाच्या ज्वारीच्या सालालाच आंबटपणाचं बी असतं, ते माठात पुन्हा वसवायचं, वेळ लागेल, एवढंच म्हणाला. दर रविवारी एक खेप. मी तापमान नि आंबटपणा लिहायचा, शेवटच्या 'चव' या रकान्यात तो स्वतःच्या हातानं लिहायचा: नाही. नवव्या खेपेला माझे आकडे माठ घासण्याआधीच्या नोंदींशी जुळले. मी म्हणालो, "भाऊ, झालं." त्यानं घोट घेतला, डोळे मिटले. "आकडा आला. कवठ नाही आलं." आणि लिहिलं: नाही. त्यात रागाचा लवलेश नसायचा. सव्वीस वर्षं ज्यानं मोड येण्याची वाट पाहिली, त्याला वाट पाहणं जड जात नसावं. मला मात्र जायचं. त्यातच त्याचं हृदय थकत चाललं होतं, आणि हे डॉक्टरांनी त्याच्यासमोरच मला सांगितलं होतं.

बत्तिसावी खेप मी एकट्यानं केली आणि त्याच्या खाटेपाशी नेली. त्यानं चमच्यानं ओठ ओले केले. "नाही..." म्हणाला. मग माझं तोंड पाहून, "जवळ आलं पण." वही मागवून तेच लिहिलं: नाही. मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणं त्याला जमलं नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला.

अंत्यविधीची बुद्धवंदना झाल्यावर प्रज्ञानं माठ माझ्या गाडीत ठेवला. "बाबा सांगून गेले, माठ काकाले द्या. धुऊ नको म्हणून बजावजो म्हणे."

माठ आता आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. रविवार मी चुकवले नाहीत. गेल्या रविवारी पस्तिसाव्या खेपेचा घोट गिळला आणि जिभेची कडा आवळली. मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. हव्या असलेल्या गोष्टीचा माणसाला भास होतो. काही न सांगता ग्लास बायकोपुढे धरला. ती इंझोरीच्या त्या खोलीत कधी गेली नव्हती आणि चवीची ती गोष्ट मी घरी काढली नव्हती. तिनं पिऊन तोंड वाकडं केलं.

"कायचं हे? कवठ टाकलं का यात?"

वही काढली. 'चव' या रकान्यात वरपासून खालपर्यंत त्याचंच अक्षर, आणि त्याखाली माझ्या दोन खेपांच्या कोऱ्या जागा. पस्तिसाव्यापुढे मी पेन्सिलीनं बारीक लिहिलं: आली. साक्षीदार, बायको.

तोवर तिनं ग्लास विसळला होता आणि ती माठाकडे वळली होती. "याले बी घासून टाकू का? किती दिवसाचा चिकट झाला."

"ग्लास पाहिजे तितका धू," मी म्हणालो, "माठाले हात लावू नको."